सुचेनासं झालंय म्हणणाऱ्या अहिराणी गीतकाराला

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरपूर तालुक्यातला सव्वीस वर्षांचा एक तरुण अहिराणी गाणी लिहितो, चालही स्वतःच लावतो आणि घरातल्या खोलीत लॅपटॉप-कीबोर्डवर ट्रॅक तयार करतो. पहिली काही गाणी लग्नसराईत बऱ्यापैकी वाजली. आता वर्ष होत आलं, नवीन काही सुचत नाही; जे सुचतं ते आधीच्याच गाण्याचं धाकटं भावंड वाटतं. मित्र म्हणतात, टीम कर. पण टीम केली की कल्पना चोरीला जाते आणि पैशांवरून वाजतं, असा अनुभव गाठीशी आहे. तर एकट्यानंच करत राहू की जोडीनं, आणि सुचणं परत कसं आणू? शेवटी सहज एक ओळ टाकली आहे: आजीच्या तोंडून ऐकलेल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) गाण्यावरून एक मुखडा झालाय, अंतरा मात्र काही केल्या होत नाही.

भाऊ, आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे मी कुठल्या बाजूनं बोलतोय ते कळेल. मी धुळ्याचा. लग्नाच्या बॅन्डमध्ये कीबोर्ड वाजवत वाढलो, मग दुसऱ्यांच्या गाण्यांचं संगीत संयोजन करायला लागलो, आता छोटासा स्टुडिओ चालवतो. कवी नाही, नावाजलेला संगीतकार नाही. पण गाणं करणारी पोरं वर्षानुवर्षं माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसतात, आणि त्यातली निम्मी तरी कधी ना कधी हेच बोलतात, की आता सुचत नाही.

तुम्ही प्रश्न 'एकटा की टीम' असा मांडलाय. मला तो मूळ प्रश्न वाटत नाही. सुचणं थांबतं त्याच्या बरंच आधी बाहेरून आत येणं थांबलेलं असतं. पहिली गाणी केली तेव्हा तुमच्याकडे बावीस-तेवीस वर्षांचा साठा होता. आजोळच्या सुट्ट्या, हळदीच्या रात्री, एसटीतली भांडणं, गल्लीतल्या बायकांची बोलण्याची ढब, सगळं न मागता गोळा झालेलं. पहिल्या चार-पाच गाण्यांत ते खर्ची पडलं. मग गाणी वाजली, ऑर्डरी आल्या, तुम्ही खोलीत बसलात, आणि भर पडायची बंद झाली. डोकं आहे तसंच आहे. त्याच्यात घालायला काही उरलं नाही एवढंच.

माझ्याकडे आलेल्या मुलाला मी म्हणतो, फोन दाखव, गेल्या महिन्यात काय ऐकलंस. बहुतेकांचं सारखंच निघतं: सध्या चाललेली अहिराणी गाणी, त्यांच्यावरची रील्स, फुकटातले ढोलकीचे लूप (पुन्हापुन्हा वाजणारे तयार तुकडे) शोधलेले, आणि स्वतःचं गाणं व्ह्यूज बघायला पुन्हापुन्हा उघडलेलं. शिरपूरचा मुलगा, पारोळ्याचा मुलगा आणि साक्रीचा मुलगा एकच लूपचं पाकीट उतरवतात, तिघंही टेम्पो 130 च्या (मिनिटाला 130 ठोके) आसपास ठेवतात, तिघंही पहिल्या पंधरा सेकंदांत रीलसाठी ओळ टाकतात. मग विषयही एकमेकांसारखेच होतात, कारण त्या वेगात मामाची पोर आणि साली-भावजीची थट्टा एवढंच बसतं. मी या गाण्यांना नावं ठेवत नाही. वरातीत नाचवायचं काम असतं, ते काम ती चोख करतात, माझंही घर त्यांच्यावरच चाललंय. फक्त तेवढंच ऐकून तेवढंच करायला गेलं तर तिसऱ्या-चौथ्या गाण्यात माणूस स्वतःचीच नक्कल करायला लागतो.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. घरखर्च गाण्यावर असेल तर 'सहा महिने काही करू नका' असं सांगणं सोपं, पाळणं अवघड. लग्नसराईत रात्र-रात्र बॅन्डबरोबर जागत असाल तर निम्मं दुखणं झोपेचं आहे. जूनमध्ये, पाऊस पडून पेरण्या लागल्या की बऱ्याच जणांचं आपोआप बरं होतं, हे मी पाहिलंय. आणि गाणंच नव्हे, जेवण, माणसं, कशातच गोडी वाटत नसेल, तर तो विषय गाण्याचा नाही. चांगल्या डॉक्टरकडे जा, लाजू नका.

शिवाय स्वभाव असतो. सगळ्यांनाच घोळका मानवत नाही. आपल्या चाळीसगावचे केकी मूस (1912–1989) बघा. स्टेशनजवळच्या घरात राहिले आणि आयुष्याची कितीतरी दशकं घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, प्रकाश लावून त्यांनी अशी छायाचित्रं काढली, की बघणाऱ्याला खरा देखावा वाटावा. टेबल-टॉप फोटोग्राफी म्हणून जगभरात ती पोचली. त्याच घरात त्यांनी चित्रकला केली, शिल्पं केली, कागदाच्या घड्यांचे आकार केले. म्हणजे पाय उंबऱ्याच्या आत राहिले तरी हात एकाच गोष्टीत अडकून पडला नाही. तुम्ही एकटे राहायचं ठरवलंत तर हे लक्षात ठेवा. एकट्यानं काम करता येतं, पण त्याला कुतूहल जरा जास्तच लागतं, कारण दार ठोठावून नवीन काही सांगायला कुणी येत नाही.

कुतूहल म्हणजे नक्की काय करायचं, हे कुणी सांगत नाही. 'जिज्ञासू राहा' म्हणून मोकळे होतात. मी माझ्यापुरतं सांगतो. मला ज्याचा त्रास होतो, जे माझ्या साच्यात बसत नाही, ते बाजूला न सारता मी त्याच्या मागे लागतो. एक उदाहरण जरा लांबण लावून सांगतो, कारण तुमच्या मुखड्याशी त्याचा संबंध आहे.

अमळनेरकडच्या एका मावशींचं आखाजीचं झोक्यावरचं गाणं ध्वनिमुद्रित करायचं होतं. मावशी स्टुडिओत आल्या, मी हेडफोन दिला, कानात 130 चा क्लिक (ताल धरायला लावलेली टकटक) सोडला. गळा खणखणीत, पण दर ओळीला गाडी क्लिकच्या मागे राहायची. मधेच पुढे पळायची, ओळीच्या टोकाला परत रेंगाळायची. मी क्लिक कमी केला, वाढवला, काही जमेना. शेवटी त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाल्या, "इतली घाई काब्र करी राह्यना भाऊ? झोका वर जास, तठे थांबनं पडस."

म्हणजे, एवढी घाई का करतोस, झोका वर जातो, तिथं थांबावं लागतं. एडिट करणारा माझा पोरगा हसला. मी मात्र त्या वाक्याला चिकटलो. दुसऱ्या दिवशी मावशींच्या गावी गेलो, निंबाला बांधलेला झोका बघितला, फोनवर वेळ लावली. शाळेत लंबकाचा धडा झालेला असतो आपला: दोलकाचा वेळ दोराच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. झोक्यालाही तेच लागू. फांदीपासून पाटापर्यंत पंधरा फूट दोर असला तर एका जाण्या-येण्याला साधारण सव्वाचार सेकंद लागतात, मग पाटावर सात वर्षांची पोर बसो की तिची आई. त्या एका फेरीत मावशींची एक ओळ बसत होती, आठ मात्रांची. गणित करा: सव्वाचार सेकंदांत आठ मात्रा म्हणजे टेम्पो 113 च्या घरात. माझा 130 तिथं बसणार कसा?

आणि गंमत पुढे आहे. घरात आढ्याला बांधलेला झोका दहा फुटांचा असला तर फेरी साडेतीन सेकंदांची होते, म्हणजे तेच गाणं 137 ला जातं. एकाच गावात एक बाई तेच गाणं संथ म्हणते आणि दुसरी भरभर म्हणते, यामागे कदाचित झाडाचा आणि आढ्याचा फरक असेल. हा माझा तर्क आहे, कुणी शोधनिबंध लिहिलेला नाही. पण तेव्हापासून कुठल्याही मावशीला मी पहिलं विचारतो, तुमचा झोका कुठं बांधायचे?

रेंगाळण्याचंही कोडं तिथंच सुटलं. झोका खाली येतो तेव्हा सगळ्यात जोरात असतो, वर टोकाला क्षणभर थबकतो. मावशींचे शब्दही तसेच पडत होते: झोका खालून जाताना दाट, वर टोकाला ताणलेले. फेरीचा एकूण वेळ दर वेळी तेवढाच, आतली वाटणी मात्र असमान. आपण त्याला बेतालपणा म्हणून क्वांटाइझ मारतो, सगळे ठोके रांगेत उभे करतो, आणि मग म्हणतो गाण्यात मजा नाही राहिली. मी त्या गाण्याला क्लिकच लावला नाही. मावशींना अंगणात झोक्यावर बसवलं, झोका देणाऱ्या दोन सुनांना झील धरायला लावली, तसंच मुद्रण केलं, आणि नंतर ढोलकीवाल्याला म्हटलं, कानानं धर. दोराचा करकर आवाजही आलाय त्यात. तो काढला नाही.

ते गाणं फार चाललं असं नाही. पण त्या एका झोक्यातून मला पुढे दोन-तीन वर्षं पुरेल एवढं काम मिळालं. घरोट्यावरच्या (जात्यावरच्या) ओव्यांचा वेग कशानं ठरतो? गहू आणि दादर ज्वारी सारख्याच ताकदीनं फिरतात का? निंदणीच्या बायका ओळ कुठं तोडतात? कानबाई या देवीच्या जागराच्या रात्री पहाटे गळे बसलेले असतात, तेव्हा सूर आपोआप खाली येतो का? यातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते कुणा ना कुणा बाईच्या अंगात आहे. 'आज काय लिहू' या प्रश्नाला असं उत्तर कुठंच ठेवलेलं नसतं, म्हणून तो प्रश्न माणसाला थकवतो.

आता जोडीचं. मित्र म्हणतात टीम कर, पण कुणाची? तुमच्यासारखंच ऐकणारे, तुमच्याच वयाचे, तेच सॉफ्टवेअर वापरणारे तिघं एकत्र आले तर काम लवकर उरकतं, वेगळं होत नाही. त्यात कल्पना चोरीला जाण्याची भीतीही जास्त, कारण तिघांनाही तीच कल्पना वापरता येते. ज्याच्याकडे तुमच्याकडे नसलेली गोष्ट आहे, असा माणूस शोधा. तो तुमचं चोरून करणार काय, आणि तुम्ही त्याचं चोरून करणार काय!

नंदुरबारकडच्या एका पावरीवाल्या दादांबरोबर मी काम केलं. पावरी बघितली असेलच तुम्ही: सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढे शिंगासारखं तोंड. वाजवणारा श्वास तोडत नाही; गाल भरून ठेवतो, नाकानं हवा घेत राहतो आणि सूर अखंड चालतो. दादांची पावरी कीबोर्डवरच्या काळी दोन आणि पांढरी तीन या पट्ट्यांच्या मधोमध कुठंतरी बोलत होती. आपल्या भाषेत 'बेसूर'. ज्यानं ती बनवली त्यानं त्या भोपळ्याला, त्या बांबूला जे मानवलं ते ठेवलं, त्याला 440 हर्ट्झशी, म्हणजे वाद्यं जुळवायच्या ठरलेल्या मापाशी, देणंघेणं नव्हतं. पावरी काही वर-खाली करता येत नाही. मग कीबोर्डचा मास्टर ट्यून (सगळ्या पट्ट्या एकदम वर-खाली करणारी सोय) हलवला आणि मी तिच्याकडे गेलो. एवढं केल्यावर तयार बेसचे लूप सगळे निकामी झाले, कारण ते 440 लाच चिकटलेले. बेस हातानं वाजवावा लागला. दादा मधे थांबत नाहीत, म्हणून मुखड्यानंतर दोन मात्रा शांतता, मग धडाका, ही माझी नेहमीची युक्तीही गेली. गाणं कुठं तोडायचं हेच कळेना, तेव्हा ते न तोडता नेलं. त्या अडचणीतून जी रचना झाली ती मला एकट्याला सात जन्मांत सुचली नसती. दादांनी मला कल्पना अशी एकही दिली नाही. त्यांनी माझ्या सवयी बंद पाडल्या.

म्हणून जोडीदार निवडताना तो किती हुशार आहे यापेक्षा त्याच्यामुळे माझं कुठलं नेहमीचं काम करता येणार नाही, हे मी बघतो. कीर्तनात मृदंग वाजवणारा, सोंगाड्याच्या पार्टीतला म्हातारा, शाळेतल्या बाई, ज्यांना गुलाबाईची (मुलींच्या सणातली) गाणी जिल्हाभरच्या मुलींकडून ठाऊक आहेत. आणि एक माणूस लागतो ऐकणारा. नुसता ऐकणारा.

बहिणाबाई चौधरींचं (1880–1951) उदाहरण आपल्याकडे ऊठसूट देतात, बहुतेक वेळा 'शाळा न शिकता एवढं सुचलं' म्हणून. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. घरोट्यावर, शेतात, चुलीपाशी त्या गुणगुणायच्या, आणि मुलगा सोपानदेव व नात्यातल्या मंडळींनी ते टिपून ठेवलं. सोपानदेव स्वतः कवी, प्रमाण मराठीत लिहिणारे. 1952 साली पुस्तक निघालं तेव्हा आईचं बोलणं आईच्याच बोलीत राहिलं, हे मला मोठं वाटतं. टिपणारा नसता तर आज आपण विद्यापीठाला कुणाचं नाव दिलं असतं? तुमच्या घरातही हे काम करणारं कुणी असेल, बायको, बहीण, शेजारचा पोरगा. नवी ओळ त्याला म्हणून दाखवा आणि तोंडाकडे बघा. 'छान आहे' म्हणाला तर त्यावर जाऊ नका. काम करता करता थबकला तर ओळीत काहीतरी आहे.

चोरी आणि पैसा. तुमची भीती खोटी नाही. माझंही एक संगीत असंच एका पार्टीनं एकरकमी घेतलं आणि पुढे माझं नावसुद्धा टाकलं नाही. व्यवहारात असं होतं. पण कायद्याची चौकट माहीत असली की भीतीला आकार येतो. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. 'झोक्यावर गाणं करू' ही कल्पना कुणीही उचलू शकतो, तिला कुलूप लावत बसू नका. तुम्ही लिहिलेले शब्द, तुम्ही बांधलेली चाल आणि झालेलं मुद्रण, हे तीन वेगळे हक्क आहेत, तिघांचे तीन मालक असू शकतात. 1957 च्या कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा नुसत्या सहीनं कंपनीच्या घशात जाऊ शकत नाही. रॉयल्टी गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे, तिचं सभासदत्व घ्या. व्ह्यूज येऊ लागल्यावर नव्हे, आधीच. आणि लूप वापरत असाल तर त्याची परवाना-अट वाचा, नाहीतर त्याच लूपवर आधी गाणं टाकलेल्या दुसऱ्याचा दावा तुमच्या गाण्यावर लागतो आणि महिनाभर मेल करत बसावं लागतं.

टीममधल्या पैशाचं म्हणाल, तर सालदार (वर्षभरासाठीचा शेतगडी) ठेवताना शेतकरी आखाजीला बोलतो ना, रोख किती, धान्य किती, कपडे-चपला किती, तसं गाण्याचं बोलणं पहिल्या चहाला करा, मुद्रणानंतर नव्हे. वहीच्या एका पानावर: शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाजवलं कुणी, कुणाला रोख, कुणाला वाटा, नाव कुठल्या क्रमानं येणार. सगळ्यांच्या सह्या, पानाचा फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये. आमच्याकडे यानं भांडणं संपली नाहीत, पण ती गाण्याआधीच होऊन जातात. ज्याच्याशी एवढं बोलणं जमत नाही त्याच्याबरोबर गाणंही जमत नाही, असा माझा अनुभव. पहिल्यांदाच एकत्र येत असाल तर एकच छोटं गाणं करा. कायमची टीम, टीमचं नाव, टीमचा लोगो, ही घाई लोक का करतात मला कळत नाही.

पारंपरिक गाण्याबद्दल मात्र मी कडक आहे. त्यावर कुणाची मालकी नाही, म्हणून 'पारंपरिक' लिहिलं की आपण सुटलो असं समजू नका. ज्या बाईच्या तोंडून घेतलं तिचं नाव, गाव लिहा, तिला विचारून. पैसेही द्या. लुगडं-नारळ वेगळं, मानधन वेगळं.

रोज काहीतरी टाकत राहा, अल्गोरिदम खूश राहतो, असा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. ज्याचं पोट त्यावर आहे त्यानं जरूर टाकावं. पण तेवढ्यासाठी नवं गाणं कशाला? जुन्याचं ढोलकी-आवाज एवढंच ठेवून केलेलं रूप टाका, तालमीतला तुकडा टाका. नवं गाणं रोजच्या रतिबाला लावलंत तर वर्षभरात पुन्हा हाच प्रश्न घेऊन याल.

तर एवढ्या लांबणीतून तुमच्यापुरतं काढायचं झालं तर असं: खोलीत एकटे बसा, हरकत नाही, पण आठवड्यातले काही तास तरी खोलीबाहेर, आणि ते 'विषय शोधायला' नकोत. न समजलेली एक गोष्ट घेऊन जा. टीम नको, एका वेळी एक माणूस, तोही तुमच्यापेक्षा वेगळा. बोलणं आधी, काम नंतर. आणि ऐकण्यातलं निम्मं तरी असं ठेवा, जे तुमच्या गाण्यात लगेच वापरता येणार नाही.

आता तुमच्या मुखड्याकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातली खरी कामाची ओळ तीच होती. अंतरा होत नाही म्हणता. मला वाटतं, होणारच नाही. मुखडा-अंतरा हा सिनेमाच्या गाण्याचा घाट आहे. झोक्यावरच्या, गुलाबाईच्या, कानबाईच्या पुष्कळ गाण्यांत अंतरा नसतोच. एकच ओळ असते आणि तिच्यातला एक शब्द दर फेरीला बदलतो: आधी बाप, मग भाऊ, मग मामा, पुढे सासरा, दीर, किंवा पाटल्या, मग गोट, मग तोडे, किंवा गावांची नावं. झोक्याला फेरी असते, गाण्यालाही फेरीच असते. तुम्ही त्याला दुसरी चाल, वरची पट्टी, नवा भाव द्यायला बघताय, आणि ते गाणं तिकडे यायला तयार नाही.

तेव्हा तो ट्रॅक बंद करून ठेवा आणि आजीकडे जा. आखाजी होऊन गेली असली तरी बिघडत नाही, फांदी आणि दोर बारा महिने मिळतात. फोन विमान मोडवर टाका, म्हणजे मधे रिंग येणार नाही, आणि आजीच्या छातीच्या उंचीवर वीतभर अंतरावर ठेवा. पंखा बंद. 'म्हणून दाखव' असं म्हणू नका, त्यानं गळा आवळतो. आजीच्या वयाची दुसरी कुणी असेल तर तिला बोलवा, दोघी एकमेकींना आठवण करून देतील आणि चूक कुणाची यावरून भांडतील. ते भांडणही रेकॉर्ड होऊ द्या, त्यातच तुम्हाला न माहीत असलेल्या ओळी निघतात. एखादी ओळ चुकली तरी थांबवू नका. दोघी थकल्या की मग विचारा, ओळीत पहिलं नाव कुणाचं येतं, दुसरं कुणाचं, आणि सासरचं माणूस कितव्या फेरीला येतं. तो क्रम बायकांनी विचार करून लावलेला असतो. माहेरची नावं लांबवत नेतात, सासरची उरकतात, आणि एखाद्या नावाला सगळ्या हसतात. कुणाच्या नावाला हसतात ते नीट बघून या. तुमचं गाणं तिथून पुढे जाईल. मग ट्रॅक करायचा झाला तर या धुळ्याला, टेम्पो आपण दोर मोजून ठरवू.